दोन ठोके

लग्नानंतर चौथ्या दिवशी सासूबाईंनी मला स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभं केलं आणि म्हणाल्या, "बाकीचं सगळं हळूहळू कळेल, पण हे आत्ताच सांगून ठेवते. गाडीखाली माणूस असताना दोन ठोके ऐकू आले की आपणही दोन द्यायचे. आले नाहीत, तर हातातलं असेल तिथे टाकून धावायचं. दूध उतू गेलं तरी चालेल."

मी हसले. "आई, आता मोबाईल असतात की सगळ्यांकडे."

"गाडीखाली दोन्ही हात तेलात असतात. मोबाईल काय नाकाने उचलणार?"

तो विषय मी तिथेच सोडला. मी संख्याशास्त्र शिकलेली. कशाला किती घाबरायचं याचा माझ्या डोक्यात एक तक्ता असतो, आणि मुलगी झाल्यापासून तो लांबतच चाललाय. द्राक्ष, बटणं, उघडा जिना, गरम इस्त्री, शेजारच्यांचं मांजर. सासूबाईंच्या ठोक्यांना मात्र मी त्यात एक ओळसुद्धा दिली नाही.

ही पद्धत माझ्या आजेसासऱ्यांची. कधीकाळी जॅक घसरून त्यांचा हात चाकाखाली अडकला होता, आणि घरातले सगळे "त्यांचं काम चाललंय, आवाज करू नका" म्हणत तासभर चवड्यांवर चालत होते. तेव्हापासून नियम झाला. खालच्याने थोड्या थोड्या वेळाने पान्याने दोनदा ठोकायचं, वरच्याने दोनदा उत्तर द्यायचं. गाडीच्या शेडची आणि स्वयंपाकघराची भिंत एकच, त्यामुळे उत्तर बहुतेकदा खिडकीच्या गजावर पळीने जायचं. आमच्या घरात पोचे नसलेली पळी सापडणार नाही.

तर त्या शनिवारी.

सोमवारी थोरलीची तपासणी होती. थोरली म्हणजे गाडी. आत्यांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीच्या, जन्माच्या वर्षभर आधी ती घरात आली, म्हणून आजेसासरे तिला थोरली म्हणू लागले, आणि बहात्तर वर्षांच्या आत्यांना ते अजून खुपतं. "घरातली पहिली मुलगी मी. ते यंत्र आहे," असं म्हणतात, आणि येताजाता त्या यंत्राच्या बॉनेटवरची धूळ हाताने पुसतात.

ब्रेक लावला की थोरली डावीकडे ओढायची. त्यापायी दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली असती तर नोंदणी रद्द आणि सरळ भंगारात. घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता.

एक मी सोडून. मला ती नापास व्हायला हवी होती. आमची मुंगी चार वर्षांची. खरं नाव वेगळं, पण सापडेल त्या फटीत शिरते म्हणून मुंगी. दर रविवारी माझे सासरे तिला थोरलीत बसवून चक्कर मारायला निघायचे. थोरलीला सीटचे पट्टे नाहीत, ब्रेकचा भरवसा नाही. मग मी दर रविवारी मुंगीला सर्दी झाल्याचं सांगायचे.

"या पोरीला रविवारीच कशी सर्दी होते?" बाबा एकदा म्हणाले होते. सासऱ्यांना मी बाबा म्हणते.

बाबा कारखान्यातले निवृत्त टर्नर. हयात लेथवर, धातू कातण्यात गेली. त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे काका, दातांचे डॉक्टर, दुसऱ्या गावात एकटेच राहतात. काकूंना जाऊन तीन वर्षं झाली. गाडी दोघांच्या मालकीची. आठ महिन्यांपूर्वी काकांनी पुढच्या चाकांना जुन्या ड्रमऐवजी डिस्क ब्रेक बसवायचा संच मागवला. बाबा म्हणाले, "वडिलांच्या गाडीत बाजारातलं काहीही बसणार नाही." काका म्हणाले, "दादा, तुझ्या हट्टापायी एक दिवस कुणाचा तरी जीव जाईल." बाबा म्हणाले, "मग तू बसू नकोस तिच्यात."

तेव्हापासून दोघांचा अबोला.

तपासणी जवळ आली तशी मीच गुपचूप काकांना फोन केला. "तो संच घेऊन या. आणि तीन पट्टे. त्यातला एक लहान मुलाचा." हे फक्त माझ्या नवऱ्याला माहीत होतं. बुधवारी काका दारात उभे राहिले. बाबांनी शेडचं दार लावून घेतलं. शेवटी सासूबाईंनी तोडगा काढला. "पुढची दोन चाकं भावजींची, मागची दोन ह्यांची. पुढे डिस्क, मागे ड्रम. आपापलं करा आणि दुसऱ्याच्या चाकाला हात लावू नका."

अशी गाडीची वाटणी झाली. एक भाऊ शेडमध्ये शिरला की दुसरा अंघोळीला जायचा. शनिवारी सकाळी आठपर्यंत पट्टे लागले, चारही चाकं तयार झाली, गाडी चार भक्कम स्टँडवर उभी होती. फक्त ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची राहिली होती. तिथे वाटणी अडली, कारण पुढे काय नि मागे काय, तेल एकच.

हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने सीटवर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली झोपून चाकामागचा छोटा नट सैल करायचा. तिथल्या नळीतून तेल आणि बुडबुडे बाटलीत येतात. मग नट आवळायचा आणि त्यानंतरच वरच्याने पाय उचलायचा. पाय क्षणभर जरी आधी उचलला तरी हवा पुन्हा आत. सगळ्या कामाला दोन शब्द लागतात, दाब आणि सोड. ते दोन शब्द एकमेकांशी बोलायची दोघांचीही तयारी नव्हती.

"मी देते निरोप," आत्या म्हणाल्या.

आत्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढली होती. शेडच्या मधोमध खुर्ची टाकून त्या अशा ताठ बसल्या, जणू समोर अजून तो तारांचा बोर्ड आहे. बाबा मागच्या चाकाखाली गेले. काका सीटवर बसले. माझा नवरा भूगोल शिकवतो, यंत्राला हात लावायची त्याला बंदी आहे, म्हणून त्याला बॉनेटखालच्या तेलाच्या डबीवर नजर ठेवायला उभं केलं. मी मुंगीला कडेवर घेऊन सासूबाईंबरोबर दारात उभी.

"त्याला म्हणावं, दाब," खालून बाबांचा आवाज आला.

"टर्नर म्हणतोय, दाब," आत्या म्हणाल्या.

"दाबलंय म्हणावं," काका.

"डॉक्टर म्हणतोय, दाबलंय."

"नट सोडलाय. बुडबुडे येताहेत. धरून ठेव म्हणावं."

"टर्नर म्हणतोय, नट सोडलाय, बुडबुडे येताहेत, धरून ठेव."

"ताई, पेडल तळाला टेकलं. सोडू का विचार."

"डॉक्टर विचारतोय, पेडल तळाला टेकलं, सोडू का?"

"थांब! थांब म्हणावं!"

"टर्नर म्हणतोय, थांब, थांब म्हणावं..."

पण काकांचा पाय तोवर वर आला होता. चाकापाशी सुर्र झालं.

"अगं ताई, निरोप देतेस की पत्र वाचून दाखवतेस?" बाबा खालून ओरडले.

"मी शब्दाला शब्द पोचवते. एकतीस वर्षांत माझ्या हातून एक कॉल कापला गेला नाही."

असं नऊ वेळा झालं. डोळ्यांना दिसत होतं की अडचण नटात नाही आणि पेडलमध्येही नाही, आत्यांच्या खुर्चीत आहे. पण ते बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती. दहाव्या खेपेला काम बाजूलाच पडलं.

"त्याला विचार, पाय आहे की ओंडका?"

"टर्नर विचारतोय, पाय आहे की ओंडका?"

"म्हणावं, माझे पेशंट यापेक्षा कमी बडबड करतात, आणि त्यांच्या तोंडात माझा हात असतो."

आत्यांनी तेही चोख पोचवलं. मुंगीला वाटलं नाटक चाललंय, तिने टाळ्या वाजवल्या.

"म्हणावं, सोमवारी नापास झाली तर ती तुझ्या पुढच्या चाकांनी होईल."

हे ऐकून काका गाडीतून उतरले. हात पुसले, फडक्याची नीट घडी केली, ती सीटवर ठेवली. "वहिनी, मी दुपारच्या बसने निघतो."

"जाऊ दे म्हणावं," खालून आलं.

आत्या खुर्चीत तशाच बसून राहिल्या. तो एक निरोप त्यांनी पोचवला नाही. एकतीस वर्षांतला पहिला कापलेला कॉल.

*

साडेबाराला बाबा हात धुऊन टेबलापाशी आले, जेवणाआधीची मधुमेहाची गोळी पाण्याबरोबर घेतली, समोरची रिकामी खुर्ची बघितली आणि उठले.

"अहो, गोळी घेतलीत, आता दोन घास तरी खा," सासूबाई म्हणाल्या.

"भूक नाही. बॅग भरून झाली असेल तर त्याला आधी वाढ."

आणि पुन्हा शेडमध्ये. हे सगळं माझ्यासमोर झालं. गोळी घेतली, जेवले नाहीत, म्हणजे रक्तातली साखर उतरणार. माझ्या त्या लांबलचक तक्त्यात ही गोष्ट पहिल्या पाचांत हवी होती. पण मी मुंगीच्या घासांतली मिरी निवडत होते.

मुंगीला झोपवून मी स्वयंपाकघरात आले तर आत्या भांडी पुसत होत्या आणि सासूबाई बाबांच्या ताटावर दुसरं ताट पालथं घालत होत्या. भिंतीपलीकडून ठक ठक आलं. सासूबाईंनी वळूनही न बघता गजावर पळी दोनदा वाजवली.

"सूनबाई," आत्या म्हणाल्या, "तुला ती भंगारातच हवी आहे ना?"

माझ्या हातातला डबा हातातच राहिला.

"रविवारची सर्दी मला कळत नाही असं वाटतं तुला? आणि धाकट्याला फोन कुणी केला तेही मला ठाऊक आहे. फोनची गोष्ट माझ्यापासून लपत नसते."

"हो," मी म्हटलं. लपवण्यात आता अर्थ नव्हता. "पण काकांना मी बोलावलं ते गाडी वाचवायला. म्हणजे, निदान ती सुरक्षित तरी व्हावी म्हणून. नाही झाली तर मात्र मला ती नकोच आहे. मुंगीला तिच्यात बसलेलं बघितलं की मला भीती वाटते. तुम्हाला हसू येईल."



"मलाही वाटायची," सासूबाई म्हणाल्या. "तुझा नवरा तान्हा असताना मी त्याला मांडीवर घेऊन पुढे बसायचे आणि एका हाताने दाराची मूठ अशी धरायचे की बोटं पांढरी पडायची."

"मग तरी बसायचात?"

"त्या गाडीत बसले की हे बोलायचे. दिवसभर लेथच्या आवाजात, घरी आले की तोंडाला कुलूप. पण हात स्टीअरिंगवर पडले रे पडले की सुरू. लहानपणच्या गोष्टी, कारखान्यातल्या लांड्यालबाड्या, भावजींवरचा राग, सगळं. माझा सगळा संसार त्या सीटवर झालाय, पोरी. ती गेली तर ह्यांच्याशी मी बोलू कुठे?"

आत्या पुसलेलीच ताटली पुन्हा पुसत राहिल्या. त्यांनी नाक ओढलं आणि म्हणाल्या, "मी त्या धाकट्याला समजावून बघते."

"तुम्ही नको, वन्सं. तुम्ही गेलात की निरोप द्याल. मीच जाते."

त्या काकांसाठी वेगळं ताट वाढून वर गेल्या. जाताना पळी माझ्या हातात दिली.

*

वरच्या खोलीत काय चाललं होतं ते काकांनी नंतर मला सांगितलं, तेही हसत हसत, म्हणून त्यातलं थोडं मी गाळून घेतलं आहे.

बॅग भरून झाली होती. काकांनी एका पायात बूट चढवला होता आणि दुसरा हातात घेऊन ते पलंगाच्या कडेवर बसले होते. ही त्यांची लहानपणची खोली, तिची खिडकी शेडच्या बरोबर वर. सासूबाई ताट घेऊन आल्या तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, बसा. पण दादाबद्दल बोलू नका."

"नाही बोलत," सासूबाई म्हणाल्या आणि बसल्या. खालून ठक ठक आलं. स्वयंपाकघरातून मी दिलेलं उत्तर ऐकू आलं. आणि सासूबाईंना दिसलं की काकांची दोन बोटंही पलंगाच्या दांड्यावर हळूच दोनदा वाजली.

"हे किती वेळ चाललंय?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"हेच. बोटं."

काकांनी बोटांकडे पाहिलं. "बुधवारपासून असेल," ते म्हणाले. "या खोलीत आलो की आपोआप होतं. वडील खाली असायचे तेव्हा दादा गाडीपाशी आणि मी इथे. दोघंही उत्तर द्यायचो. कुणाचं आधी जातं याची पैज असायची."

*

खाली मी एकटी होते; आत्या मुंगीपाशी जाऊन पडल्या होत्या. मुंगीसाठी दूध तापत ठेवलं होतं.

मोजायची मला सवय आहे. जिन्याच्या पायऱ्या, मुंगीचे श्वास, काहीही. बाबांचे ठोके आधी पाचएक मिनिटांनी येत होते. मग नऊ मिनिटं गेली. मग अकरा. मी दुधाकडे बघत स्वतःची समजूत घालत होते की माणूस रागावला की विसरतो.

मग ठोका आला. एकच. तोही ठोकल्यासारखा नाही, पाना हातातून निसटून पडल्यासारखा.

मी गजावर दोनदा वाजवलं. काही नाही. पुन्हा वाजवलं.

कितीतरी साधी कारणं असू शकत होती. मी त्यातली तीन मोजलीसुद्धा. मग सासूबाईंचं "गोळी घेतलीत, आता दोन घास तरी खा" आठवलं, आणि मी धावले. मागे दूध फसफसून उतू गेल्याचा आवाज आला. मी वळले नाही.

"काका!" मी अंगणातून ओरडले. पण काका जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होते. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. तो एकच ठोका त्यांनीही ऐकला होता.

बाबांकडून मी पुढे हे तुकड्यातुकड्यांनी काढून घेतलं. एकट्याने हवा काढायची म्हणून त्यांनी सीट आणि पेडल यांच्यामध्ये लाकडाची फळी आवळून बसवली होती. नट एकाचे दोन दिसायला लागले. पाना जड झाला. घामाने पाठ भिजली. जरा पडावं असं वाटलं. माझे दोन ठोके त्यांना ऐकू आले होते. वडील ठोकताहेत असं वाटलं, आणि देऊ की उत्तर, एवढी काय घाई, असंही.

शेडमध्ये सगळं जागच्या जागी होतं. स्टँड भक्कम, गाडी स्थिर. फक्त मागच्या चाकाजवळून बाहेर आलेले बाबांचे पाय हलत नव्हते.

"साखर!" काका मला म्हणाले आणि धुतलेल्या पांढऱ्या शर्टानिशी गाडीखाली सरकले. मी साखरेचा डबा आणि पाणी घेऊन आले तेव्हा काकांनी बाबांचं डोकं आपल्या दंडावर घेतलं होतं. बाबांचे डोळे अर्धे उघडे, चेहरा ओला.

"आ कर," काका म्हणाले.

आठ महिन्यांनी भाऊ भावाशी बोलला ते हे दोन शब्द. आणि बाबांनी आ केला, जसा कुणीही दातांच्या डॉक्टरपुढे करतो, मुकाट.

काकांनी ओल्या बोटावर साखर घेऊन ती गालाच्या आतून चोळली. "थुंकायचं नाही. हळूहळू गिळ. दादा, ऐकतोयस? गिळ."

बाबांचा कंठ हलला. एकदा, दोनदा. मी मोजत होते. मग आवाज आला, पुसट, पण अगदी बाबांचाच.

"हात धुतलेस का?"

काका तिथेच, गाडीखाली, हसत सुटले. हसता हसता त्यांचं डोकं वरच्या पत्र्यावर आपटलं. "पस्तीस वर्षं लोकांच्या तोंडात हात घालतोय, आणि हा मला विचारतोय!"

*

पंधरा मिनिटांनी बाबा आत्यांच्या खुर्चीत बसून झाकलेलं ताट जेवत होते आणि सासूबाई त्यांच्यापुढे उभ्या राहून त्यांना फैलावर घेत होत्या. "भूक नाही म्हणे! गोळीला कळतं का तुमची भूक आहे की नाही ते?" बाबा पुढचा घास घेत होते. वाद घालणाऱ्या माणसाला खाता येत नाही, हे त्यांना उत्तम ठाऊक आहे.

काका मात्र बाहेर आलेच नाहीत. ते खालूनच पुढच्या चाकाकडे सरकले होते.

"दादा," ते म्हणाले, "ह्या वॉशर कुणी केल्या?"

बाबा चावत राहिले.

"संचाबरोबर आलेलं ब्रॅकेट दोन मिलिमीटर बाहेर येत होतं. गुरुवारी डिस्क घासत होती. शुक्रवारी सकाळी आपोआप बरोबर बसली. मला वाटलं मीच आदल्या दिवशी वाकडी आवळली असेल. आणि आता इथे चार वॉशर दिसताहेत, आरशासारख्या, आणि चारींवर ठिपका आहे."

आम्ही सगळेच बाबांकडे बघायला लागलो. हाताने घडवलेल्या प्रत्येक वस्तूवर बाबा एक ठिपका ठोकतात. आमच्या पळ्यांच्या दांड्यांवर आहे. मुंगीच्या भोवऱ्यावर आहे.

"तुझ्या अंघोळीला अर्धा तास लागतो," बाबा म्हणाले. "तेवढ्यात होतात चार वॉशर."

"दुसऱ्याच्या चाकाला हात लावायचा नाही असं ठरलं होतं."

"चाकाला कुठे लावला? वॉशरला लावला."

"मग तोंडाने सांगायचं ना!"

"आपलं बोलणं बंद होतं," बाबा म्हणाले, इतक्या गंभीरपणे की माझा नवरा बॉनेटमागे तोंड लपवून हसला.

मग काका म्हणाले, "जेवून झालं असेल तर जा, सीटवर बस. ती फळी काढ आधी. मी खाली आहे."

"तुझा शर्ट..."

"शर्ट गेला दादा केव्हाच. बस."

बाबा सीटवर बसले. सासूबाई शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या, पाण्याचा पेला हातात धरून, जणू दोघं कुठे निघालेत.

"दाब," काका म्हणाले.

"दाबलं."

"धर."

"धरलंय रे."

"अजून येताहेत. धर, धर. आवळला. सोड."

"सोडलं."

पंचवीस मिनिटांत चारही चाकं झाली. आत्या आधी मधेमधे तोंड उघडत होत्या, सवयीने. मग मुंगीला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "बघ गं, तुझ्या आजोबांनी माझं एक्स्चेंज बंद पाडलं." आणि नवऱ्याने दिवसभरातलं आपलं एकमेव तांत्रिक वाक्य उच्चारलं, "डबीत तेल कमी झालंय." ते बरोबर होतं. त्याला फार आनंद झाला.

शेवटी बाबा उतरले आणि मला म्हणाले, "आता तू दाबून बघ."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"भीती तुला वाटते ना? मग तुझ्याच पायाला कळायला हवं. मी सांगून काय उपयोग?"

म्हणजे रविवारची सर्दी त्यांनाही माहीत होती. मी सीटवर बसले आणि पेडल दाबलं. सकाळी ते ओल्या उशीसारखं आत जात होतं. आता इंचभर गेलं आणि दगडाला टेकल्यासारखं थांबलं. मी सर्व जोर लावला. हललं नाही. शेजारी मुंगीसाठी बसवलेला लहान पट्टा होता. तो गाडीच्या तळाला जिथे आवळला होता तिथे एक जाड पोलादी पट्टी होती, आणि तिच्यावर ठिपका. मी त्यावर बोट ठेवून जरा वेळ तशीच बसले.

काका दुपारच्या बसने गेले नाहीत.

सोमवारी निरीक्षकाने थोरली मोकळ्या रस्त्यावर पळवली, ब्रेक दाबला आणि दोन्ही हात स्टीअरिंगवरून उचलले. थोरली सरळ रेषेत थांबली. त्याने खाली वाकून पुढची चाकं बघितली, मग मागची. "पुढे नवीन, मागे जुनं," तो म्हणाला. "कुणाची कल्पना?"

"दोघांची," दोघं एकदम म्हणाले.

पुढच्या रविवारी मुंगीला सर्दी झाली नाही.

काका आपल्या गावी परतले ते मला एक काम लावून. खरं तर मीच ते मागून घेतलं. त्यांच्या घराला पलीकडून उत्तर देणारी भिंत नाही. म्हणून रोज सकाळी सातला ते मला फोन करतात, दोनदा वाजू देतात आणि कापतात. मी उलटा फोन करते, दोनदा वाजू देते आणि कापते. आत्यांना हा असा कापलेला फोन बिलकूल पसंत नाही, पण त्या सातला माझ्या आसपासच असतात. एकदा साडेसातपर्यंत फोन आला नाही. मी चार वेळा लावला, मग त्यांच्या शेजारच्यांना लावला, त्यांना दार बडवायला लावलं. काका टॉवेल गुंडाळून दारात आले. अर्ध्या तासाची अंघोळ. शेजारी माझ्यावर वैतागले असतील, वैतागू देत. माझ्या तक्त्यात आता सगळ्यात वर हीच ओळ आहे.

तुमच्याकडेही असं कुणीतरी असेलच. शेडमध्ये, माळ्यावर, शिडीवर, बंद दाराच्या खोलीत, नाहीतर लांबच्या गावी एकट्या घरात. "काम चाललंय, त्रास देऊ नका" असं तुम्ही त्यांच्याबद्दल म्हणत असाल. शेवटचा आवाज कधी ऐकलात ते आठवून बघा. आठवत नसेल तर हे पान इथेच पालथं घाला आणि एकदा हाक मारून या. गॅसवर दूध असलं तरी जा. जाऊ दे उतू.